मान तुकवणाऱ्याचा मान

भारतीय कथावाङ्मयाने सशाला दोन भूमिका दिल्या आहेत : एकीत तो पाठीवर पान पडताच आभाळ कोसळल्याची वार्ता घेऊन रानभर धावतो, तर दुसरीत तो सिंहाला विहिरीच्या काठाशी नेऊन त्याचेच प्रतिबिंब दाखवतो. पहिल्या कथेमुळे ससा भित्रेपणाचा मानदंड ठरला आणि दुसरीमुळे त्याला चातुर्याचे प्रशस्तिपत्र मिळाले. परंतु पंचतंत्रातील त्या सशाचा डाव नेमक्या कोणत्या तत्त्वावर उभा होता, याची टीकाकारांनी पुरेशी दखल घेतलेली दिसत नाही. आपल्या हद्दीत आपल्याच जातीचा दुसरा कोणी शिरला आहे एवढे कळताच भला बलदंड प्राणीही मागचापुढचा विचार न करता उडी घेतो, हे ते तत्त्व. आणि ते समजून घेण्यासाठी सशाला सिंहाचा अभ्यास करण्याचे काहीच कारण नव्हते, कारण हा अनुभव त्याच्या घरातलाच होता.

येथे एक प्राणिशास्त्रीय खुलासा करणे भाग आहे. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसणारा आणि बहुधा पंचतंत्रकारालाही अभिप्रेत असलेला ससा हा लेपस नायग्रिकॉलिस नावाचा रानससा असून तो बीळ खणत नाही, गवतात अंगापुरती जागा दाबून बहुधा एकटाच राहतो, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण असल्यामुळे तो घरी आणून पाळताही येत नाही. पुण्या-मुंबईच्या सदनिकांत सोफ्याखाली वास्तव्य करणारा ससा मात्र ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या युरोपीय जातीचा वंशज होय. पांढराशुभ्र, ठिपकेदार, लोंबत्या कानांचा वा मानेभोवती आयाळ मिरवणारा असे त्याचे कितीही वाण असले, तरी त्या सर्वांचे मूळ गाव आयबेरियन द्वीपकल्प, म्हणजे आजचा स्पेन आणि पोर्तुगाल, हेच आहे. दोघेही शशवर्गीय, म्हणजे वरच्या पुढच्या दातांमागे दातांची आणखी एक छोटी जोडी बाळगणारे आणि त्यामुळे उंदीर-खारींपासून वेगळ्या काढलेल्या गणातले. परंतु युरोपीय ससा जमिनीखाली बिळांचे जाळे खणून वसाहतीने राहतो, आणि वसाहत म्हटली की शेजार आला, शेजार म्हटला की हद्द आली, आणि हद्द म्हटली की पुढचे सांगावे लागत नाही. रानसशाला असा शेजारच नसल्यामुळे, विहिरीच्या डावाचे जे श्रेय वर दिले ते काटेकोरपणे पाहता त्याच्या युरोपीय चुलतभावाकडे वर्ग करावे लागते.

या वसाहतींचे अंतरंग जगापुढे मांडणाऱ्यांत रोनाल्ड लॉकली या वेल्श निसर्ग-अभ्यासकाचे नाव अग्रगण्य आहे. १९२७मध्ये ते वेल्सच्या किनाऱ्यालगतच्या स्कोकहोम बेटावर राहायला गेले, तेव्हा तेथे चिंचिला जातीचे ससे वाढवून त्यांच्या फरवर चरितार्थ चालवण्याचा त्यांचा बेत होता. तो बेत फसला, लॉकली पक्ष्यांकडे वळले, आणि पुढे ऑरिएल्टन येथे रानटी सशांचे दीर्घकाळ निरीक्षण करून त्यांनी १९६४मध्ये सशांच्या खासगी आयुष्यावर एक ग्रंथ लिहिला, ज्याचा आधार रिचर्ड ॲडम्स यांनी आपल्या १९७२च्या ‘वॉटरशिप डाउन’ या कादंबरीसाठी घेतला. दुसरे नाव ऑस्ट्रेलियातील रोमन मायकिटोविच यांचे. १८५९मध्ये टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीची हौस म्हणून व्हिक्टोरिया प्रांतात थोडे ससे सोडले होते, आणि त्यांच्या वंशजांनी काही दशकांतच निम्म्याहून अधिक खंडाची कुरणे खाऊन टाकली. त्यामुळे त्या देशात सशाचा अभ्यास, शत्रूच्या छावणीचा करावा तितक्या गांभीर्याने, सरकारी खर्चाने झाला. मायकिटोविच यांना बंदिस्त कुरणात आढळले ते असे, की प्रत्येक सशगटात नरांची एक आणि माद्यांची एक अशा दोन स्वतंत्र उतरंडी असतात, प्रत्येक सशाला आपली पायरी ठाऊक असते, आणि ज्याच्या हनुवटीखालची गंधग्रंथी मोठी तो नर बहुधा वरच्या पायरीवर असतो.

या हनुवटीचे माहात्म्य समजल्याखेरीज पुढील विवेचन समजणार नाही. सशाच्या हनुवटीखाली गंधद्रव्य स्रवणाऱ्या ग्रंथी असतात, आणि खुर्चीचा पाय, दाराची चौकट, खाण्याचे भांडे, गृहस्वामीची चप्पल, इतकेच नव्हे तर खुद्द गृहस्वामी यांवर हनुवटी घासत हिंडणे हा त्याचा नित्यक्रम असतो. मनुष्याला हा गंध येत नाही, त्यामुळे तो या कृतीला लाडिकपणा समजतो. वास्तविक एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेत आणि हनुवटी घासलेल्या चपलेत तत्त्वतः काहीच फरक नाही. मायकिटोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असेही दिसले, की ज्या आवारात सशाचा स्वतःचा गंध दरवळतो तेथे त्याचा आत्मविश्वास वाढतो आणि समोरच्याशी झुंजताना त्याचे पारडे जड राहते. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याविषयी मराठी माणूस जे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे, ते सशाच्या बाबतीत असे प्रयोगाने सिद्ध झाले.

असे असताना दुसरा ससा आणावाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे; परंतु त्याचे उत्तरही त्याच वसाहतीत दडलेले आहे. जो प्राणी शेजाऱ्याशी भांडतो तोच शेजाऱ्याला चिकटून झोपतो, त्याचे कान चाटून साफ करतो, आणि एकाने मान खाली घालून चरावे तेव्हा दुसऱ्याने कान टवकारावेत अशी वाटणी करून जगतो. त्यामुळे एकटा पाळलेला ससा कंटाळतो, पिंजऱ्याचे गज कुरतडतो किंवा नुसता कोपऱ्यात बसून राहतो. घरातील माणसे ही उणीव भरून काढू शकत नाहीत, कारण ससा मुख्यतः पहाटे आणि सायंकाळी जागा असतो, आणि या दोन्ही वेळा नोकरदार मनुष्य अनुक्रमे झोपेत आणि रहदारीत असतो. कॅलिफोर्नियात १९८८मध्ये स्थापन झालेल्या हाउस रॅबिट सोसायटीसारख्या संस्थांनी ससा ही अंगणातल्या खुराड्यात ठेवण्याची नव्हे तर घरात, आणि शक्यतो जोडीने, सांभाळण्याची चीज आहे असा प्रचार केला, आणि त्यातूनच ‘बाँडिंग’ नावाची विद्या, म्हणजे दोन अनोळखी सशांना एकमेकांच्या सहवासाला राजी करण्याची शिस्तबद्ध प्रक्रिया, आकाराला आली.

आपल्याकडे या विद्येचा पहिला धडा बहुधा दुकानातच चुकतो. दुकानदार दोन गोंडस पिले एका खोक्यात घालून ‘दोन्ही माद्याच आहेत, भांडणार नाहीत’ असे सांगतो, आणि हे विधान दोन्ही बाजूंनी धोक्याचे असते : सशाच्या पिलाचे लिंग ओळखणे अवघड असल्यामुळे त्या दोन्ही माद्या असतीलच असे नाही, आणि असल्या तर भांडणार नाहीत असे तर मुळीच नाही. पहिला अंदाज चुकला तर साधारण एक महिन्याच्या गर्भधारणेनंतर खोक्यात नवी पिढी दाखल होते, आणि व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकत असल्यामुळे गृहस्वामीला विचार करायलाही फारसा अवधी मिळत नाही. पहिला अंदाज बरोबर निघाला तर चार-सहा महिन्यांनी, वयात येताच, काल एकमेकींच्या कुशीत झोपणाऱ्या बहिणी एकमेकींचे केस उपटू लागतात. या दोन्ही आपत्तींवर एकच उपाय, तो म्हणजे निर्बीजीकरण, अर्थात शस्त्रक्रियेने प्रजननग्रंथी काढून टाकणे. त्याने भांडकुदळपणा पुष्कळ ओसरतो आणि माद्यांना उतारवयात होणारा गर्भाशयाचा कर्करोगही टळतो. मात्र शस्त्रक्रियेनंतरही नर चार ते सहा आठवडे पिता होऊ शकतो, ही बाब ज्यांनी दुर्लक्षिली त्यांच्या घरी तिचा पुरावा कान हलवीत फिरत असतो.

जोडी निवडताना निर्बीज नर आणि निर्बीज मादी हा योग सर्वांत सुकर मानला जातो, दोन नर वा दोन माद्या यांचे जमणे कष्टसाध्य समजले जाते, आणि तिघांचा समेट घडवणे हे अनुभवी माणसेही टाळतात, कारण तिसऱ्याच्या आगमनाने पहिल्या दोघांत ठरलेली पायरीही पुन्हा वादात सापडते. रंगसंगती, कानांची लांबी आणि छायाचित्रात दोघे कसे दिसतील या निकषांना सशांच्या लेखी काडीचीही किंमत नसते. म्हणून परदेशातील काही आश्रयगृहांत आपल्या सशाला घेऊन जावे, तेथील उमेदवारांपुढे त्याला क्रमाक्रमाने बसवावे आणि निवड त्याच्यावरच सोपवावी, अशी पद्धत आहे. तीत गृहस्वामीचे काम केवळ वाहनचालकाचे उरते.

निवड झाल्यावर प्रत्यक्ष प्रक्रिया सुरू होते ती भेटीने नव्हे, तर भेट टाळण्याने. दोघांचे पिंजरे शेजारी शेजारी, परंतु जाळीतून एकमेकांचे नाक चावता येणार नाही एवढे अंतर राखून ठेवायचे, आणि दर एक-दोन दिवसांनी त्यांची अंथरुणे, खेळणी व लिटर ट्रे, म्हणजे मलमूत्रासाठी गवत वा कागदाचे तुकडे घातलेले पसरट भांडे, यांची अदलाबदल करायची. आपल्या शौचस्थानी परक्याचा गंध येतो हे पाहून ससा प्रथम मागचा पाय जमिनीवर आपटून निषेध नोंदवतो, मग तेथे आपला गंध अधिक मात्रेने सोडून त्याला उत्तर देतो, आणि काही दिवसांनी हा पत्रव्यवहार कंटाळवाणा झाला की दोघेही जाळीच्या आपापल्या बाजूला पाठीला पाठ लावल्यासारखे पडून राहतात. हा कंटाळा हीच पहिल्या टप्प्याची फलश्रुती होय.

दुसरा टप्पा तटस्थ भूमीचा. जेथे दोघांपैकी एकाचीही हनुवटी कधी टेकलेली नाही अशी जागा शोधायची, आणि दोन खोल्यांच्या सदनिकेत अशी जागा बहुधा एकच, म्हणजे न्हाणीघर, सापडते. तेथील फरशी निसरडी असल्यामुळे सतरंजी अंथरावी लागते, लपायला दोन तोंडांचे खोके ठेवावे लागते, कारण एकाच तोंडाच्या खोक्यात कोंडी होऊन हमखास लढाई जुंपते, आणि मधोमध गवताचा मोठा ढीग घालावा लागतो, कारण खाणारे तोंड तेवढा वेळ चावत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात हा उद्योग काढू नये, कारण तिशीपलीकडचा पारा सशाला मुळातच सोसत नाही आणि त्यात धावपळ झाली तर उष्माघात ओढवतो. मध्यस्थाने जाड हातमोजे घालून, टॉवेल आणि केरसुणी हाताशी ठेवून बसावे. भांडण सोडवताना उघडा हात मधे घालू नये, कारण त्या क्षणी दोन्ही पक्षांचे एकमत होण्याची शक्यता असते आणि ते हाताविषयी होते. आरंभी दहा-पंधरा मिनिटांच्या भेटी ठेवून त्या हळूहळू वाढवायच्या आणि प्रत्येक भेट बिनसण्याआधीच संपवायची, असा नियम आहे. तोवर घरातल्या उर्वरित मंडळींनी न्हाणीघराच्या दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून तिष्ठत राहायचे, हे त्या नियमाचे अलिखित परिशिष्ट.

या भेटींत जे घडते त्याचा अर्थ लावणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. दोघांनी एकमेकांकडे पूर्ण दुर्लक्ष करून अंग चाटत बसणे हे शुभलक्षण मानावे, कारण ज्याच्यापासून धोका वाटतो त्याच्यासमोर कोणी केस विंचरत बसत नाही. सशाचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे सारे दिसते, पण नेमके नाकासमोरचे आणि हनुवटीखालचे दिसत नाही. त्यामुळे दोघे नाकाला नाक लावून उभे ठाकले की प्रत्येकाला जगातील इतर सर्व गोष्टी दिसत असतात आणि समोरचा तेवढा नीट दिसत नसतो, मग उरलेला व्यवहार मिशा आणि नाक यांच्यावर सोपवावा लागतो. पाठलाग आणि किंचित केस उपटणे हे वाटाघाटींचेच अंग होय. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर आरूढ होणे याचा संबंध प्रेक्षक प्रणयाशी जोडतात आणि लहान मुलांना बाहेर पाठवतात, परंतु निर्बीज झालेल्यांत, आणि दोन माद्यांतही, हा प्रकार मुख्यतः पायरी ठरवण्याचा असतो. अपवाद एवढाच, की आरूढ होणाऱ्याने दिशा चुकून दुसऱ्याच्या डोक्याच्या बाजूने चढाई केली तर त्याला ताबडतोब उतरवावे, कारण खालच्याचे दात अशा वेळी कोठे पोहोचतात याचा विचार वरच्याने केलेला नसतो. कान पाठीवर घट्ट चिकटणे, शेपटी ताठ होणे, आणि मग दोघांचा एकच गरगरणारा गोळा होणे, ही मात्र वाटाघाटी फिसकटल्याची चिन्हे होत, आणि तेथेच टॉवेलचे प्रयोजन सुरू होते.

ज्यांना एवढा धीर नसतो त्यांच्यासाठी काही आडवाटा प्रचलित आहेत. पहिली मोटारीची : दोघांना एका पेटीत घालून फिरवून आणले की भयाने ते एकमेकांना बिलगतात, आणि मालक त्या बिलगण्याला स्नेह समजतो. आपल्याकडील रस्त्यांवर भयाच्या पुरवठ्यात कधीच खंड पडणार नाही, तरीही प्राणिकल्याणाचा विचार करणारे बहुतेक जाणकार या उपायाला विरोध करतात, कारण तणावाने सशाच्या आतड्यांची हालचाल मंदावते आणि अर्धा दिवस खाणे बंद राहिले तरी ती पशुवैद्याकडे धाव घेण्याची वेळ ठरते. दुसरी आडवाट केळ्याची : दोघांच्या कपाळावर कुस्करलेले केळे लावायचे, म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याचे कपाळ चाटतो. ज्याचे कपाळ चाटले जाते त्याला ती सेवा वाटते, जो चाटतो त्याला ते केळे वाटते, आणि केळे संपल्यावर दोघांच्याही गैरसमजाचा निरास एकदमच होतो.

खरा समेट होतो तो चाटण्यावरच, पण केळ्याविना. आणि या विषयातील सर्वांत मोठे आश्चर्य येथेच आहे. मनुष्यसमाजात मान तुकवणारा कनिष्ठ आणि जिच्यापुढे ती तुकवली जाते ती व्यक्ती श्रेष्ठ, असा संकेत असल्यामुळे, एक ससा दुसऱ्यापुढे जाऊन हनुवटी जमिनीला टेकवतो आणि डोके त्याच्या नाकाखाली सारतो तेव्हा पाहणाऱ्यांना तो शरण आल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो सेवेचा हुकूम सोडत असतो. ‘माझे कपाळ आणि कान साफ करावेत’ एवढाच त्या नम्रतेचा आशय असून, सामान्यतः जो अशी मागणी करतो आणि ती मान्य करवून घेतो तो वरिष्ठ, आणि जो निमूटपणे चाटू लागतो तो कनिष्ठ ठरतो. दोघेही स्वतःला वरिष्ठ समजत असतील तर दोघेही एकाच वेळी डोकी खाली घालून एकमेकांसमोर निश्चल बसतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला विनयाची पराकाष्ठा वाटावी असे ते दृश्य आतून दोन अहंकारांची कोंडी असते. ती बराच वेळ सुटली नाही तर ज्याचा संयम आधी संपतो तो दुसऱ्याला स्मरणपत्र म्हणून हलकेच चावतो. अखेरीस एक जण चाटू लागतो, पुढे कधीतरी दुसराही उपकार केल्यासारखा दोन-चार वेळा चाटून परतफेड करतो, आणि तेथून पुढे दोघे एकत्र जेवतात, चिकटून झोपतात, आणि अंग एकदम जमिनीवर झोकून देऊन निर्धास्तपणे आडवे होतात. हवेत उडी घेऊन अंगाला पीळ देणे, ज्याला ससेप्रेमी ‘बिंकी’ म्हणतात, हा या आनंदाचा कळस होय.

मात्र हा करार बेमुदत नसून अखंड सहवासाच्या अटीवर असतो. दोघांपैकी एकाला पशुवैद्याकडे न्यायचे झाले तर दुसऱ्यालाही बरोबर न्यावे लागते, कारण एकटा गेलेला ससा दवाखान्याचा वास घेऊन परतला की घरचा त्याला ओळखत नाही आणि सारी प्रक्रिया न्हाणीघरापासून पुन्हा सुरू होते. दोघांचे कायमचे बिऱ्हाड मांडण्यापूर्वीही ती जागा व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने पुसून सर्व जुन्या हनुवट्यांचे दावे निकाली काढावे लागतात. आणि जोडीतील एक दगावला तर त्याचा देह दुसऱ्याला काही काळ हुंगू द्यावा असे जाणकार सांगतात. तसे केल्यास मागे राहिलेला ससा हरवलेल्याला शोधत फिरत नाही असा त्यांचा अनुभव आहे, आणि एरवी ज्याच्या कपाळासाठी भांडण झाले त्याच्यासाठी हा प्राणी खाणे सोडतो, एवढ्याने त्याच्या भांडणांची किंमत कळते.

या सर्व व्यवहारात मनुष्याचे नेमके स्थान कोणते, हा प्रश्न अखेरीस उरतो. समेट आपण घडवून आणला अशी त्याची समजूत असते, आणि सायंकाळी जोडीतला एखादा ससा त्याच्या पायाशी येऊन डोके खाली घालतो तेव्हा ही कृतज्ञता असावी असे समजून तो त्याचे कपाळ बराच वेळ कुरवाळतो. वर सांगितलेल्या नियमांनुसार या कृतीचा अर्थ स्वच्छ आहे. जो गवत आणतो, ट्रे धुतो, उन्हाळ्यात बाटलीत बर्फ गोठवून फडक्यात गुंडाळून ठेवतो, आणि मान तुकवताच विनातक्रार कपाळ साफ करतो, त्याची पायरी ठरवायला सशांना तटस्थ भूमीची गरज पडत नाही. तिघांचा समेट दुर्घट असतो या सिद्धान्ताला हा एकच अपवाद दिसतो, आणि त्याचे कारण असे की येथे तिसऱ्याने सर्वांत खालची जागा पहिल्या दिवशी, स्वखर्चाने आणि पावती घेऊन स्वीकारलेली असते.